एफी टॉरन्सच्या पियानोचा लिलाव

एफी टॉरन्सच्या चुलीवरच्या फळीवर एक घड्याळ होतं आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं पुढे झुकत होतं. मी समोरच्याच दारात राहायची, रोज तिच्याकडे चहाला जायची, वर आयुष्यभर मुलींना गणित शिकवलेलं. तरी घड्याळ का झुकतंय हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. एक दिवस ते तोंडावर आपटलं, थेट लोण्याच्या बशीत, आणि त्याच्या मागून अकरा तपकिरी पाकिटं जमिनीवर सांडली. त्यातली नऊ फोडलेलीसुद्धा नव्हती.

“हे काय आहे, एफी?”

“कोर्टाची आहेत,” घड्याळावरचं लोणी पुसत ती म्हणाली. “त्यांना काहीतरी हवंय.”

फोडलेल्या दोन पाकिटांतल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तिने गाण्यांचे शब्द उतरवून घेतले होते. म्हणे कोर्टाचा कागद चांगला जाड असतो, पियानोवर सरळ उभा राहतो.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. ग्रीनॉकला कार्टर्स वाईंडवर आमची दगडी इमारत होती, आठ बिऱ्हाडं आणि एक जिना. एफी तेव्हा अठ्ठावन्नची. बुटकी, गोल, आणि हसायला लागली की दोन्ही हात हवेत सोडून देणारी, मग हातात भरला कप का असेना. शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारी मुलांना बटाटे वाढायची. बाप साखरेच्या कारखान्यात होता, आई लोकांची धुणी धुवायची, आणि घरात वाद्य म्हणाल तर एक शिट्टीची किटली. पियानो ती शिकली चर्चच्या हॉलमध्ये, तिथली झाडलोट करता करता. शिकवलं कुणीच नाही. एकदा ऐकलं की तिच्या बोटांना पाठ व्हायचं.

तिचा नवरा आर्ची गोदीत होता, दोरखंडांनी जड वस्तू जहाजावर चढवणारा. बावन्न साली एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्याने पियानो मिळवला. जिन्याच्या पहिल्याच वळणावर तो अडला. तेव्हा आर्चीने गोदीतले सात जण, चार कप्प्या आणि कुणालाही न विचारता उचललेला दोरखंड आणला, खिडकीची चौकट काढली, आणि पियानो बाहेरून तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतला. खाली अर्धी गल्ली माना वर करून उभी. पियानो हवेत गोल फिरतोय आणि एफी खिडकीच्या भोकातून सांगतेय, “जरा डावीकडे, आर्ची, तिथे मला कपाट ठेवायचंय.”

आर्ची सत्तर साली गेला. पियानो राहिला. मंगळवारी एफी चर्चच्या हॉलमध्ये छोट्या मुलींच्या नाचाच्या वर्गाला वाजवायची, त्याची तयारी घरी या पियानोवर. आणि शनिवारी संध्याकाळी सगळी इमारत तिच्या घरात गायला जमायची, ज्यांना गाता येत नव्हतं तेही. मीसुद्धा.

आता कर्जाचं. जिथे पियानोशेजारी कपाट ठेवायचं होतं तिथे तिने अठ्ठावीस वर्षांनी खरंच कपाट घेतलं. दारावर आलेल्या एका गोडबोल्या विक्रेत्याकडून, हप्त्यांनी. कपाटाचं दार लागत नव्हतं. खोलीत कुणी पाऊल टाकलं की ते कण्हत उघडायचं. एफीने निम्मे हप्ते भरले आणि कंपनीला पत्र टाकलं, “दार बंद करून दाखवा, मी पर्स उघडते.” कंपनीने कुणाला पाठवलं नाही, दावा लावला. कोर्टाने बोलावलं तो दिवस मंगळवार.

“मंगळवारी कशी जाणार?” ती मला म्हणाली. “बारा पोरी टाचा आपटत उभ्या असतात.”

“अगं, नुसतं जाऊन दार लागत नाही एवढं सांगायचं होतंस. न्यायाधीशाने ऐकलं असतं.”

“न्यायाधीशाला बुधवार चालला नसता?”

मी तिथेच जमिनीवर बसून नऊ पाकिटं फोडली. एफी गैरहजर, म्हणून हुकूमनामा कंपनीच्या बाजूने. भरायची मुदत चौदा दिवस, ती संपून महिना झालेला. छप्पन्न पौंडांचं कर्ज वकील, कोर्ट आणि बेलिफाचा खर्च पोटात घेऊन एकशे सव्वीस पौंडांचं झालं होतं. शेवटच्या पाकिटात जप्तीची तारीख होती. परवाची.

पैसे भरले नाहीत की काय होतं हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं, पण त्या महिन्यात शिकले. आधी नाव जातं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एफीची उधारीची वही मिटून फळीखाली टाकली. तीस वर्षांची ओळख, पण कोर्टाच्या यादीत तिचं नाव वाचल्यावर तो तिच्याकडे न बघता साखर तोलू लागला. कोळसेवाला आधी पैसे मागू लागला. एफी हसून म्हणायची, “मी एवढी प्रसिद्ध आधी कधीच नव्हते.” पण हात हवेत सोडत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

बेलिफ आले ते मिस्टर ड्रायबरो. उंच, वाळके, दम्याचे. तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून एफीने त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं, मग चहा दिला. सोबत कायद्याला लागतो तसा एक साक्षीदार होता, तो सगळा वेळ केक खात होता. दम परत आल्यावर मिस्टर ड्रायबरो उभे राहिले, हुकूमनामा मोठ्याने वाचला आणि किमती ठरवायला निघाले. पलंग, खुर्च्या, टेबल, चूल यांना हात लावता येत नाही, असा कायदा. बाकी सगळं लिहून घ्यायचं.

कपाटाजवळ ते गेले आणि दार कण्हत उघडलं. त्यांनी लावलं. ते उघडलं. त्यांनी गुडघ्याने दाबून लावलं आणि हळूच मागे सरकले. ते उघडलं.

“दोन पौंड,” ते म्हणाले. “दार लागत नाही.”

“तसं लिहा ना साहेब.”

“लिहिलंय बाई.”

“कोर्टाच्या कागदावर?”

“हो.”

“ऐकलंस ना, मास्तरीणबाई?” एफी माझ्याकडे वळली. “कोर्टाने मान्य केलं.”

मग पियानो. आदल्या दिवशी सगळ्या इमारतीने एफीला बजावलं होतं: बेलिफाने वाजवायला सांगितलं तर वाईट वाजव. किंमत कमी लागली की आपल्याला सोडवून घेणं सोपं. एफीने मान डोलावली होती. मिस्टर ड्रायबरो म्हणाले, “चालू आहे का हा?” एफी बसली. पहिल्या ओळीत तिने चार सूर मुद्दाम चुकवले, आणि तिचा चेहरा असा झाला की कुणीतरी तिच्या पायावर पाय दिलाय. दुसऱ्या ओळीत दोन चुकवले. तिसऱ्या ओळीला ती विसरली. मी तिला डोळ्यांनी खुणावते, खोकते, काही उपयोग नाही. ती झुलतेय, कपाटाचं दार तालावर उघडमीट करतंय, आणि मिस्टर ड्रायबरोंचा उजवा बूट जमिनीवर ठेका धरतोय. वाजवून झाल्यावर त्यांनी बूट असा पाहिला की जणू तो दुसऱ्याचा आहे, आणि लिहिलं, पंधरा पौंड.

शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, “बाई, लावलेल्या किमतीला यातली कुठली वस्तू परत विकत घ्यायची आहे?”

“माझाच पियानो मी विकत घेऊ?”

“हो.”

“माझ्याकडून?”

“कोर्टाकडून, बाई.”

“आर्चीने आणला तेव्हा कोर्ट कुठे होतं? दोर धरायला आलं होतं?”

मिस्टर ड्रायबरो म्हणाले की नोंद करायला या उत्तरासाठी त्यांच्याकडे रकाना नाही.

यादीची बेरीज मीच केली. अडतीस पौंड. म्हणजे घरातलं सगळं गेलं असतं आणि वर अठ्ठ्याऐंशी पौंडांचं कर्ज राहिलंच असतं. एफीला बाकी कशाचं काही नव्हतं. कपाट तर तिने स्वतः खांद्यावर घेऊन खाली पोचवलं असतं. “पण पियानो गेला तर,” ती म्हणाली, “मी शनिवारी करू काय? भांडी घासू?” आणि उठून भांडी घासायला लागली, स्वच्छ होती तीच.

आमच्याकडे तेव्हा असा लिलाव कर्जदाराच्या घरातच व्हायचा. खालच्या दारावर जाहीर नोटीस लागायची आणि ग्लासगोचे जुन्या सामानाचे व्यापारी येऊन तुमच्या बैठकीत उभे राहून तुमच्या वस्तू मातीमोलाने न्यायचे. नोटीस लागली. शुक्रवार, सकाळी अकरा.

इमारतीची सभा एफीच्या स्वयंपाकघरात भरली. तोवर आम्ही आठ घरांतून, आणि शेजारच्या जिन्यातूनही, सतरा पौंड जमवले होते, ते माझ्याकडे चहाच्या डब्यात. बेत सोपा होता. व्यापाऱ्यांना वर पोचू द्यायचं नाही. आपल्यातल्या एकीने पंधरा पौंड बोलायचे, बाकीच्यांनी तोंड मिटून ठेवायचं. पियानो आपला, आणि जागचा हलणारही नाही.

पण ती एक कोण? सगळ्यांनाच व्हायचं होतं. तासभर वाद झाला. सगळ्यात मोठा आवाज पहिल्या मजल्यावरच्या मिरेन हॅगर्टचा, तो एरवीही असतो; नवरा गोदीतून येत असला की तो रस्त्यात असतानाच ती घरातून त्याच्याशी बोलायला लागते. तिच्या समोरच्या दारात डोलिना पिरी राहायची. डोलिना मूळची लुईस बेटावरची, वाळकी, विधवा, काळा स्वेटर बारा महिने. नऊ वर्षं ती तिथल्या बहिणीला भेटली नव्हती. बिस्किटांच्या डब्यात पैसे साठवत होती, यंदा जुलैत जायचं नक्की केलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “मिसेस हॅगर्टनी बोली लावली तर व्यापाऱ्यांना ग्लासगोत ऐकू जाईल.”

माझा संयम संपला. मी म्हटलं, “ज्या घरी त्या दिवशी जिन्याचं कार्ड असेल, ती बोलेल. संपलं.”

हे कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा एक चौकोन, त्यावर छापलेलं, “आता जिना धुण्याची पाळी तुमची.” एका आठवड्याला एक घर. आपला आठवडा संपला, जिना धुवून झाला, की कार्ड पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायचं. कार्डाशी कुणी वाद घालत नाही, पोलीससुद्धा नाही. त्या आठवड्यात ते मिरेनकडे होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतःवर फार खूश होते.

चूक माझी. कार्ड शुक्रवारी सकाळी पुढच्या दारावर जातं. आणि मिरेनच्या पुढचं दार डोलिनाचं.

या दोघींचं सत्तर सालापासून वाजलेलं. मिरेनच्या सासऱ्याच्या मयताच्या आठवड्यात जिना कुणी धुतला यावरून. अकरा वर्षं मिरेन पाळी संपली की शुक्रवारी सकाळी कार्ड डोलिनाच्या दाराच्या मुठीला लावायची, डोलिना चष्मा लावून जिन्याचे कोपरे तपासायची आणि कार्ड परत मिरेनच्या मुठीला. संध्याकाळपर्यंत ते सहा सहा वेळा ये-जा करायचं. अकरा वर्षं ते कार्ड दोघींनाही नको होतं. त्या शुक्रवारी दोघींना हवं होतं. सकाळी आठ वाजता डोलिना आपण होऊन कार्ड मागायला मिरेनच्या दारात गेली. म्हणाली, कोपरे आज उत्तम आहेत. मिरेन म्हणाली, कोपरे अजून घाण आहेत, मी अजून धुणार आहे. मग काय झालं ते कुणी पाहिलं नाही. आवाज मात्र मी तिसऱ्या मजल्यावर ऐकला, पुठ्ठा फाटल्याचा.

साडेदहापासून जिना भरला. एका पायरीवर दोघं, दोन्ही बाजूंना, पाठ भिंतीला आणि कठड्याला. व्यापारी तिघे आले, मोठी गाडी घेऊन. त्यांना कुणी अडवलं नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट प्रत्येक पायरीवर कुणीतरी हसून त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. एका हातात चहाची भरली कपबशी आणि दुसऱ्या हातात लोणी लावलेला स्कोन नावाचा पाव घेऊन माणूस गर्दीचा जिना चढू शकत नाही. पहिल्या वळणावर ते रुतले ते रुतलेच. एकाने तिथूनच ओरडून बोली लावायचा प्रयत्न केला, तर त्याच्या आजूबाजूच्या बायकांनी गाणं धरलं.

मिस्टर ड्रायबरो घामाघूम होऊन वर आले, एफीच्या स्टुलावर चढले आणि म्हणाले, “वस्तू पहिली. एक उभा पियानो. लावलेली किंमत पंधरा पौंड.”

“पंधरा,” मिरेन म्हणाली, आणि खालच्या बंदरातली कबुतरं उडाली असतील.

मिस्टर ड्रायबरोंनी पेन्सिल उचलली. एफीने डोळे मिटले होते ते उघडले. झालं, असं वाटलं.

“सोळा,” दाराजवळून डोलिना म्हणाली.

कपाटाचं दार कण्हत उघडलं, ते सगळ्यांनी ऐकलं.

“मिसेस पिरी,” मिरेन म्हणाली, “पाळी माझी आहे.”

“तुमची पाळी सकाळी संपली, मिसेस हॅगर्ट. आज शुक्रवार आहे.”

“कार्ड ज्याच्याकडे त्याची पाळी.”

“ते माझ्याकडे आहे.” डोलिनाने स्वेटरच्या खिशातून अर्धं कार्ड काढून वर धरलं. मिरेनने ॲप्रनमधून दुसरं अर्धं काढलं.

“पाळी तुमची असं माझ्याच अर्ध्यावर लिहिलंय,” मिरेन म्हणाली. “सतरा.”

“कार्डाचा या लिलावाशी काय संबंध आहे?” मिस्टर ड्रायबरोंनी विचारलं.

“तुम्ही यात पडू नका साहेब,” दोघी एका सुरात म्हणाल्या. गेल्या अकरा वर्षांत एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मी चहाचा डबा खुळखुळवला, सतराच आहेत, सतराच, असं ओठांनी दाखवलं. “अठरा,” डोलिना म्हणाली. आता त्या आमच्या पैशातून निघून स्वतःच्या पैशात शिरल्या होत्या. वीस. बावीस. तीस. एफी हसत होती, घाबरत होती, परत हसत होती. पस्तीसला दुसऱ्या मजल्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “अरे, पण हे जितकं चढेल तितकं एफीचं कर्जच फिटतंय की.” मग सगळ्यांच्या अंगात आलं. मिरेनच्या बाजूचे वेगळे, डोलिनाच्या बाजूचे वेगळे, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. बोली पायरी पायरीने खाली सांगितली जात होती आणि दर पायरीला थोडी बदलत होती. तळमजल्यावर पोचेपर्यंत बातमी अशी झाली की एफीच लिलावात निघालीय आणि साठ पौंडांवर अडलीय. खालून एका नावाड्याने सत्तर पाठवले.

“डोलिना, बास कर गं,” एफी म्हणाली. आता ती हसत नव्हती. “तुझे बहिणीकडे जायचे पैसे आहेत ते.”

“मधे बोलू नकोस एफी. पाळीचा प्रश्न आहे. ऐंशी.”

“नव्वद,” मिरेन म्हणाली, पण आवाज पहिल्यांदाच खोलीत मावला. तिने नव्या चुलीसाठी नव्वदच ठेवलेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिच्या नवऱ्यानेही ऐकलं. तो जिन्यात होता आणि खाली बसला.

डोलिनाने मिरेनकडे पाहिलं. मग मिस्टर ड्रायबरोंच्या हातातल्या कागदाकडे. मग चष्मा पुसला.

“एकशे सव्वीस,” ती म्हणाली.

मिस्टर ड्रायबरोंनी तीनदा विचारलं. मिरेनने आपलं अर्धं कार्ड ॲप्रनमध्ये परत ठेवलं. त्यांनी वही मिटली, स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, “हुकूमनाम्याची रक्कम पूर्ण आली. लिलाव इथे थांबतो. बाकी वस्तूंना कुणी हात लावू नये.” आणि मग, कायद्यात नसताना, रुमालाने कपाळ पुसून एफीला म्हणाले, “अभिनंदन, बाई.”

डोलिना पैसे आणायला खाली गेली. चाळीस माणसांना भिंतीला चिकटावं लागलं, परत येताना पुन्हा चिकटावं लागलं. पियानोच्या झाकणावर तिने बिस्किटांचा डबा उपडा केला आणि एकेक नोट मोजून दिली. मी चहाच्या डब्यातले सतरा त्यात घातले. मिस्टर ड्रायबरोंनी पावती फाडली: एक उभा पियानो, मालक मिसेस डोलिना पिरी.

“कधी हलवताय?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिथे आता नगरपालिकेने बसवलेली नवी अरुंद चौकट होती आणि आर्ची नव्हता.

“राहू दे इथेच,” डोलिना म्हणाली. “मला वाजवता येत नाही आणि माझ्याकडे जागा नाही. माझं सूप चुलीवर आहे.” आणि गेली.

मी नंतर तिला खोदून विचारलं. राग म्हणून बोललीस की मुद्दाम? ती विणत होती. म्हणाली, “ती बाई दोनशेपर्यंत गेली असती आणि आणले कुठून असते? कुणीतरी असा आकडा बोलायला हवा होता की तो बेलिफ घरी जाईल.” मग पुढचा टाका घालत म्हणाली, “आणि पाळी माझीच होती.”

त्याच संध्याकाळी एफी डोलिनाच्या दारात गेली. एकशे सव्वीसमधून सतरा गेले, राहिले एकशे नऊ, आणि डोलिनाची बोट जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मार्च संपत आला होता. एफी म्हणाली, दर शुक्रवारी देईन. डोलिना म्हणाली, बघू. कागद नाही, सही नाही.

आणि ज्या बाईने कोर्टाची अकरा पाकिटं घड्याळामागे कोंबली, तिने एक शुक्रवार चुकवला नाही. गुरुवारी म्हाताऱ्यांच्या क्लबात वाजवलं, रविवारी दुपारी समुद्रकाठच्या हॉटेलात चहाच्या वेळी वाजवलं, दोन लग्नांत वाजवलं, आणि त्यातल्या एकात नवरीच्या आईशी भांडून एक पौंड जास्त घेतला. कपाट तिने त्या हॉटेललाच विकलं, कोर्टाच्या यादीची नक्कल दाखवून, दार लागत नाही हे आधी सांगून. मी एकदा म्हटलं, “एवढं कोर्टाला दिलं असतंस तर?”

“कोर्ट जिन्यात भेटतं का?” एफी म्हणाली. “डोलिना रोज भेटते. सकाळी दुधाच्या बाटल्या उचलताना माझ्याकडे बघते. काही बोलत नाही गं. नुसती बघते.”

शनिवार चुकले नाहीत. मालकीण म्हणून डोलिनाला पियानोशेजारची खुर्ची मिळाली आणि ती पहिलं गाणं सांगायची, नेहमी तिच्या बेटाचं, ज्याचे शब्द दुसऱ्या कुणाला येत नव्हते. मिरेन ते सगळ्यात मोठ्याने म्हणायची, शब्दांशिवाय.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी एफीने शेवटचे पैसे दिले. डोलिनाने ते बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबलं. तिची पेटी दाराशी बांधून तयार होती.

“मग आता पियानो माझा ना?” एफीने विचारलं.

“व्याज राहिलं.”

“किती?”

“माझ्या जिन्याच्या पाळ्या.”

“किती पाळ्या, डोलिना?”

“बघू,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सहाच्या गाडीने ती गेली. मी दार उघडलं तर समोर एफीच्या दाराच्या मुठीला कार्ड लटकत होतं, मधोमध चिकटपट्टीने जोडलेलं. आमच्या मजल्याची पाळी यायला अजून तीन आठवडे होते. एफी बाहेर आली, कार्ड वाचलं, दोन्ही हात हवेत सोडले, आणि बादली आणायला आत गेली. दुपारी ती वरून खाली येत जिना धुवत होती, गात होती, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे धुतलेल्या पायऱ्यांच्या कडेला खडूची पांढरी रेघ ओढत होती. पहिल्या मजल्यावर मिरेनचं दार किलकिलं झालं. तिने चष्मा लावला, तिच्याकडे चष्मा आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि खाली वाकून पाहिलं.

“कोपरे राहिलेत, मिसेस टॉरन्स,” ती म्हणाली.